संगणकांतील लोप

एकत्र कुटुंबांत ‘वाटणी’ हा शब्द सहसा मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. आमच्या घरांत तर तो गेल्या तीन पिढ्यांत कोणाच्या तोंडून निघाल्याचें मला ठाऊक नाहीं. असें असतां माडीवरच्या संगणकाच्या पोटांत मात्र २०१४ सालापासून रीतसर वाटणी होऊन दोन चुली सुखानें नांदत होत्या, आणि त्यांपैकीं एक चूल विझविण्याचें पातक २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टींत माझ्याच हातून घडलें. हें जगजाहीर करण्यांत मला भूषण वाटतें असें नव्हे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार संपला, आणि ज्या घरांत जुनीं पण धडधाकट यंत्रें आहेत तेथें ‘विंडोज असूं द्या, शेजारीं लिनक्सही बसवूं’ असा विचार निघणें साहजिक आहे. अशा घरांतील वडीलधाऱ्यांस माझी फजिती उपयोगी पडावी, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

प्रथम व्यवस्था कशी होती तें सांगतों. यंत्र २०१२ सालीं घेतलेलें. त्यांतील डिस्क ५०० जी.बी.ची. दुकानांतून आलें तेव्हां त्यांत एकटें विंडोज होतें. दोन वर्षांनीं माझ्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवानें, तो त्या वेळीं अभियांत्रिकी शिकत होता, डिस्कचा सुमारें पांचवा हिस्सा मोकळा करून त्यावर उबंटु नांवाचें लिनक्स बसविलें. यंत्र सुरू केलें कीं पडद्यावर एक लहानशी यादी येई. बाणाच्या कळीनें खालींवर करून ज्याला जी हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम त्यानें उघडावी. विंडोज मुलांचें, सुनांचें आणि बँकेच्या कामाचें. लिनक्स बंधूंचें आणि माझें. मुलांच्या खेळण्याबागडण्यापासून आमचें लिखाण सुरक्षित राहावें, हाच या वाटणीचा मूळ हेतु होता. मुलांनीं त्याला अकरा वर्षांत एकदांही धक्का लावला नाहीं, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

तें लिखाण म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. माजघरांतील फडताळांत पणजोबांच्या वेळेपासूनच्या मोडी वह्या होत्या. देणेंघेणें, लग्नमुंजींचे खर्च, कोणाला कोणतें दुखणें झालें, कोणती जमीन कशापायीं गेली, असें सर्व त्यांत. मला मोडी अडखळत वाचतां येते. दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, ती वर्तमानपत्रासारखी सरळ वाचतां येई. २०१५ पासून २०१८ पर्यंत रोज दुपारीं ते वाचीत आणि मी टंकीत बसें. वाचतां वाचतां ते जें तोंडीं सांगत, कीं ही आत्या कोणाची, हा मुलगा दत्तक कां घेतला, या दोन भावांचें बोलणें कशावरून बंद झालें, तेंही मीं कंसांत घेतलें. पुढें ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचा पूर सांगलींत शिरला. माडी वांचली, माजघर बुडालें. पाणी ओसरल्यावर वह्या काढल्या तों शाई धुऊन गेलेली आणि पानांचा लगदा झालेला. दादा तो लगदा हातांत घेऊन म्हणाले, ‘वर आहे ना, मग झालें.’ २०२२ च्या आषाढांत दादा गेले. त्यांच्या चिरंजीवानें मला दोनतीनदां सुचविलें होतें, ‘काका, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.’ मीं दर खेपेस ‘करूं’ म्हटलें. ‘गृहपाठ उद्यां करूं’ म्हणणाऱ्या मुलांना ज्यानें उभी हयात छड्या मारल्या त्या माणसाचें हें उत्तर होतें.

दिवाळींत धाकट्या नातवाची तक्रार आली कीं विंडोजमध्यें जागा उरली नाहीं. त्याचे वडील कामांत, काका प्रवासांत. मला वाटलें, एवढें आपल्यालाही जमेल. विंडोजमध्यें डिस्क मॅनेजमेंट म्हणून एक पडदा आहे. त्यावर सबंध डिस्क शेताच्या नकाशासारखी आडवी काढलेली दिसते. त्यांत सी आणि डी हीं दोन वावरें मला ओळखूं आलीं. त्यांच्या उजवीकडे ९३ जी.बी.चा एक पट्टा होता. त्याला ना अक्षर, ना नांव. शेरा एकच, ‘हेल्दी’. मला तें पडीक रान वाटलें. लिनक्सची घडण विंडोजला आपणहून वाचतां येत नसल्यानें तो भाग तेथें असा निनांवी दिसतो, हें मला माहीत असावयास हवें होतें. मीं ‘डिलीट’ म्हणतांच यंत्रानें विचारलें कीं, हा विभाग विंडोजनें केलेला नाहीं, यांत दुसऱ्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमला कळणारी माहिती असूं शकेल, तरी काढून टाकूं का? इतका सरळ प्रश्न मीं स्वतः कधीं परीक्षेंत घातला नसेल. मीं तो पुरता न वाचतां ‘यस’ दाबलें.

पट्टा रिकामा दिसूं लागला. आतां त्यावर नवा विभाग आंखून तो फॉरमॅट करावयाचा, एवढेंच उरलें होतें. तेवढ्यांत दिवेलागण झाली आणि सौभाग्यवतींनीं खालून हांक मारली कीं, देवापाशीं दिवा लावायच्या वेळीं तरी तें यंत्र बंद करा. मीं तें बंद केलें. त्या हांकेचें मोल मला दुसऱ्या दिवशीं रात्रीं कळलें.

सकाळीं यंत्र सुरू केलें तों ती ओळखीची यादी नाहीं. काळा पडदा, त्यावर ‘एरर: नो सच पार्टिशन’, आणि खालीं ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द लिहून उत्तराची वाट पाहणारी एक लुकलुकती रेघ. लिनक्स नाहीं आणि विंडोजही नाहीं. ९३ या आंकड्याचा अर्थ माझ्या ध्यानांत आला तो तेव्हां. मी खुर्चीवर बसून राहिलों.

मुलानें जवळच्या एका दुकानांतून जाणता तरुण बोलावून आणला. त्यानें पडदा पाहिला न पाहिला तोंच निदान केलें: ‘आजोबा, फॉरमॅट मारून देतों आणि नवीन विंडोज टाकतों. दोन तासांत चालू. जुना डेटा मात्र गेला समजा.’ त्याला मी दोष देत नाहीं. बहुतेक गिऱ्हाइकांना यंत्र चालू झालेलेंच हवें असतें. नातवाला कसलासा अर्ज भरावयाचा होता, सुनेचें काम अडलें होतें, आणि ‘देऊन टाका एकदांचें’ असाच घरांत सूर होता. मीं त्या तरुणाला ‘उद्यां या’ म्हणून सांगितलें. उद्यांवर टाकण्याची माझी खोड त्या दिवशीं प्रथमच कामाला आली.

रात्रीं बंगळुरास पुतण्याला फोन केला. त्याच्या वडिलांचे शब्द मीं पुसून टाकले, हें त्याला सांगावयाचें होतें, तें सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग त्यानें एवढेंच विचारलें, ‘काका, त्या जागेवर नवीन कांहीं केलंत का?’

‘नाहीं.’

‘फॉरमॅट?’

‘नाहीं. तुझ्या काकूनें दिव्याला बोलावलें.’

‘मग कांहीं गेलेलें नाहीं. यंत्र बंद करा, प्लग काढून ठेवा, आणि मी शनिवारीं येईपर्यंत कोणाला हात लावूं देऊं नका.’

‘कांहीं गेलेलें नाहीं’ हें तो कशाच्या जोरावर म्हणाला, हें मला पुढें दोन दिवसांत त्यानें फोनवर थोडें थोडें करून समजाविलें. माझ्या डोक्यांत तें ज्या रीतीनें उतरलें त्याच रीतीनें येथें मांडतों.

डिस्क म्हणजे लहान लहान चौकटींची एक लांबच लांब ओळ आहे असें समजावें. आमच्या यंत्रांतील हिशेब प्रत्येक चौकटीस ५१२ बाइट असा. एक बाइट म्हणजे सोयीसाठीं एक अक्षर म्हणूं. यंत्र जागें होतांच जी वाचतें ती पहिली चौकट. तींतील ४४६ बाइट आरंभींच्या आज्ञांना दिलेले, त्यानंतरचे ६४ बाइट विभागांच्या नोंदींना, आणि अखेरचे २ बाइट शिक्क्याचे. त्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. संस्कृत ज्यांच्या कानांवरून गेलें आहे त्यांना येथें गंमत वाटेल. अनुष्टुभ् छंदाच्या श्लोकांत ३२ अक्षरें, अर्ध्यांत १६. म्हणजे एका विभागाला अर्धा श्लोक, आणि ५०० जी.बी.च्या सबंध मुलखाचा सातबारा अवघ्या दोन श्लोकांत! त्या अर्ध्या श्लोकांत सांगितलेलें असतें तें इतकेंच कीं, विभाग कोठें सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे, आणि यंत्र त्यावरून सुरू करावयाचें कीं नाहीं.

ही पद्धत १९८३ च्या मार्च महिन्यांतली. आय.बी.एम.चें पी.सी. एक्स.टी. यंत्र आणि त्याबरोबर पी.सी. डॉस २.० आलें तेव्हां ती निघाली. त्या यंत्राची डिस्क १० एम.बी.ची होती, तिला चार वाटे पुरून उरत. पुढें चार पुरेनात, तेव्हां त्यांपैकीं एका वाट्याचा वाडा करून आंत हव्या तितक्या खोल्या काढण्याची युक्ति निघाली. प्रत्येक खोलीच्या दारावर एक चिठ्ठी: ही खोली एवढी, आणि पुढची चिठ्ठी अमक्या ठिकाणीं. आमचें लिनक्स अशा वाड्यांतील पहिल्या खोलींत होतें.

आतां मीं ‘यस’ दाबलें तेव्हां काय झालें? ९३ जी.बी. खरोखर पुसावयाचें म्हणजे तितकीं शून्यें लिहीत जावें लागतें, आणि आमच्या डिस्कसारख्या डिस्कला त्यास निदान पाव तास लागतो. माझें कृत्य निमिषांत आटोपलें होतें. यावरूनच मीं ओळखावयास हवें होतें कीं, फाटली ती दारावरची चिठ्ठी. तलाठ्याच्या दप्तरांतून शेत निघालें. शेतांतली विहीर आणि बांधावरचे आंबे जागच्या जागीं होते.

तें ऐकतांना मला पाणिनीची आठवण झाली. व्याकरणांत लोप कशाला म्हणावें हें ठरवितांना त्यानें नाशाची गोष्ट काढलेली नाहीं. जें असावयाचें तें न दिसणें, एवढाच अर्थ त्यानें लोपाला बांधून दिला. इतकेंच करून तो थांबला नाहीं. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याच्या निमित्तानें होणारें कार्य होतें, असाही त्यानें नियम केला. ‘अग्निचित्’ हा शब्द घ्यावा. ‘चि’ या धातूला क्विप् नांवाचा प्रत्यय लागतो आणि तो सगळाच्या सगळा लुप्त होतो. त्याचा एक वर्णही शब्दांत उरत नाहीं. परंतु त्याच्यामुळें येणारा तकार शब्दाच्या शेवटीं बसलेलाच असतो. जाणता वैयाकरण तो तकार पाहून सांगतो कीं येथें क्विप् येऊन गेला आहे. मुलांना हें शिकवितांना मीं पुष्कळदां घसा कोरडा केला असेल. परंतु याचा उपयोग यंत्र दुरुस्तींत होईल असें मला कोणीं सांगितलें असतें तर मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें असतें.

कारण येथेंही असा तकार होता. लिनक्सचा विभाग ज्या घडणीनें रचलेला होता तिला एक्स्ट-फोर म्हणतात. विभागाच्या आरंभीं १०२४ बाइट सोडून तींत एक मुख्य नोंद असते. तिचें नांव सुपरब्लॉक. त्या नोंदींत दोन बाइटांची एक ठराविक खूण असते, आणि शिवाय ठोकळा केवढा, सबंध विभाग किती ठोकळ्यांचा, त्यांतले रिकामे किती, असा सर्व तपशील असतो. म्हणजे दारावरची चिठ्ठी फाडली तरी खोलीच्या आंतल्या भिंतीवर खोलीचें माप कोरलेलें आहेच. कोणीं चौकटीमागून चौकट तपाशीत जाऊन ती खूण गांठली कीं आरंभ कळला. माप वाचलें कीं शेवट कळला. आणि आरंभ व लांबी हातीं आली कीं हरवलेला अर्धा श्लोक पुन्हां लिहितां येतो.

आणि समजा ती भिंतही खरवडली गेली, तर? त्याचीही तरतूद केलेली आहे. एक्स्ट-फोरमध्यें विभागाचे गट पाडलेले असतात, साधारणतः १२८ एम.बी.चा एकेक. त्यांना शून्यापासून क्रमांक दिले तर १ क्रमांकाच्या गटांत, आणि पुढें ३, ५ व ७ यांच्या घातांच्या गटांत, म्हणजे ३, ५, ७, ९, २५, २७, ४९ अशा ठिकाणीं, सुपरब्लॉकच्या नकला ठेवलेल्या असतात. आपल्या वेदपाठकांनीं संहितेच्या जोडीला पद, क्रम, जटा, घन असे पाठ ठेवले ते याच धोरणानें. एका पाठांत निसटलेलें दुसऱ्यांत सांपडावें.

विंडोज कां अडलें, याचेंही उत्तर मिळालें. यंत्र उघडतांच यादी दाखविणारा जो ग्रब नांवाचा देवडीवरचा गडी, तो स्वतः डिस्कच्या आरंभीं बसलेला होता, पण त्याच्या किल्ल्यांचा जुडगा लिनक्सच्या खोलींत टांगलेला होता. ती खोली दिसेनाशी होतांच त्याला कोणतेंच दार उघडतां येईना. विंडोजच्या खोलीला ओरखडाही गेलेला नव्हता.

शनिवारीं पहाटे पुतण्या रात्रीच्या बसनें उतरला आणि चहा घेऊन माडीवर चढला. त्यानें एका पेनड्राइव्हवर लिनक्स आणलें होतें. तें पेनड्राइव्हवरूनच चालतें. डिस्कवर त्याला कांहीं बसवावें लागत नाहीं. मला वाटलें आतां लगेच शोध सुरू होईल. परंतु त्यानें १ टी.बी.ची एक बाहेरची डिस्क जोडली आणि आमच्या डिस्कची चौकटीमागून चौकट, रिकाम्या जागांसकट, जशीच्या तशी नक्कल त्यावर काढावयास घेतली. हें काम करणाऱ्या आज्ञावलीचें नांव डीडीरेस्क्यू. आमच्या यंत्राचें यू.एस.बी. जुनें, पांच तास लागले. मुलें कंटाळून पत्ते खेळावयास गेलीं. मी तेथून हललों नाहीं. तो म्हणाला, ‘काका, आपण या डिस्कवर चार अक्षरें लिहिणार. तीं चुकलीं तर मागें फिरायला वाट आधीं हवी.’ मजकडे तो आठव्या वर्षीं ‘रामः रामौ रामाः’ म्हणावयास बसत असे, तेव्हां त्याला धीर असा नव्हताच.

दुपारीं जेवणें उरकल्यावर त्यानें टेस्टडिस्क उघडलें. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनीं लिहिलेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. दिसावयास अत्यंत रूक्ष: काळा पडदा, पांढरीं अक्षरें, माउसला काम नाहीं. ती प्रथम विचारते, डिस्क कोणती? येथें घाई करूं नये. बाहेरची डिस्क आणि घरची डिस्क यांत गल्लत झाली तर अनर्थ, म्हणून दोहोंचें माप पाहून निवड करावी. मग विचारते, नोंदींची पद्धत कोणती? जुन्या १९८३ च्या पद्धतीला तींत ‘इंटेल’ म्हटलें आहे. मग तपासणी, आणि तिच्यानंतर जलद शोध. आंकडे भराभर सरकूं लागले. कांहीं मिनिटांत यादी आली, आणि तींत ‘लिनक्स’ अशी ओळ होती.

मीं ‘आतां लिही’ म्हणालों. त्यानें मान हलविली आणि मला दाखविण्यासाठीं म्हणून सखोल शोधही चालविला. त्यांत डी विभागाचीं दोन मापें आलीं, एक आजचें आणि एक २०१४ पूर्वींचें, आणि जुनें माप लिनक्सच्या जागेवर पसरलेलें! विंडोजच्या विभागांत आरंभींच्या चौकटीची एक नक्कल विभागाच्या अखेरीस ठेवलेली असते. २०१४ मध्यें डी आवळून लिनक्सला जागा केली तेव्हां जुन्या शेवटाजवळची नक्कल तशीच पडून राहिली होती, आणि यंत्रानें ती इमानानें शोधून काढली. पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्याला हें नवें नाहीं. जुना पाठ म्हणून खरा पाठ असें नसतें. या वेळीं आम्ही जुन्या डीची नोंद पत्करली असती तर लिनक्स पुन्हां दडपलें गेलें असतें.

खरें कोणतें हें ओळखण्याची सोय तेथेंच आहे. ओळीवर येऊन ‘पी’ दाबलें कीं त्या विभागांतील फाइलींचीं नांवें दिसतात, आणि तोंवर डिस्कवर कांहींही लिहिलेलें नसतें. त्यानें ‘पी’ दाबलें, एकेक फोल्डर उघडीत आंत गेला, आणि ‘कुलवृत्तांत’ हें नांव पडद्यावर आलें. मीं सौभाग्यवतींना हांक मारली. त्या पदराला हात पुशीत वर आल्या आणि म्हणाल्या, ‘काळ्यावर पांढरें काय दिसतें आहे, मला कांहीं कळत नाहीं. आहे ना?’ आहे म्हटलें. मग त्यानें ‘राइट’ निवडलें आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. यादी आली. वाड्यांतील खोल्यांची गणना लिनक्स पांचापासून करतें, आणि पहिली खोली पुन्हां पांचवी म्हणूनच नोंदली गेल्यामुळें ग्रबला आपला जुडगा जेथल्या तेथें सांपडला. क्रमांक बदलला असता तर त्याला नवी वाट शिकवावी लागली असती.

वाचकांनीं माझ्या गोष्टीवरून प्रत्येक वेळीं टेस्टडिस्क काढून बसावें असें मात्र नाहीं. कित्येकदां लिनक्स यादींतून नाहींसें होतें, पण त्याचा विभाग अगदीं शाबूत असतो. विंडोज नव्यानें बसविलें म्हणजे देवडीवर त्याचा गडी येतो आणि तो दुसऱ्या कोणाला ओळखत नाहीं, इतकेंच. नव्या यंत्रांत तर कोणाला आधीं बोलवावें ही यादी मदरबोर्डाच्या स्मरणांत असते, आणि तो क्रम सेटिंगमध्यें जाऊन बदलला कीं काम होतें. तेव्हां विभाग आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. नव्या यंत्रांतील नोंदींची जी.पी.टी. पद्धतही अधिक शहाणी आहे: एका नोंदीला १२८ बाइट, म्हणजे चार श्लोक, आणि सबंध नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं.

पण लोपाचा नाश कसा होतो, तेंही सांगितलें पाहिजे. मीं त्या संध्याकाळीं पुढें जाऊन तो पट्टा फॉरमॅट केला असता, तर नव्या घडणीच्या नोंदी जुन्या लिखाणावर पडल्या असत्या. कांहीं वांचलें असतें, कांहीं नाहीं. त्यावर नातवाचे खेळ उतरविले असते तर जेथें ते पडले तेथील अक्षर परत येतें ना. आमची डिस्क फिरत्या तबकडीची, म्हणून इतका अवधि तरी होता. एस.एस.डी. नांवाच्या नव्या डिस्कची गोष्ट निराळी आहे. तींत फाइल पुसली किंवा विभाग फॉरमॅट केला, कीं ट्रिम नांवाचा हुकूम सुटूं शकतो. त्याचा अर्थ, ही जागा आतां नको. मग डिस्क आपल्या सवडीनें ती आंतून साफ करते आणि तेथें टेस्टडिस्कलाही वाचावयास कांहीं उरत नाहीं. २०१९ च्या वह्यांचें जें झालें तें हेंच. पाणी सांगून आलें नाहीं, हा फरक.

त्या संध्याकाळीं पुतण्यानें कुलवृत्तांत उघडला. मी त्याच्या मागें उभा होतों. त्यानें पहिलें पान वाचलें, दुसरें वाचलें. तिसऱ्या पानावर कंसांत दादांचें एक वाक्य होतें, आमच्या एका चुलत आजोबांच्या चिकटपणाबद्दल, जसें ते बोलत तसेंच मीं घेतलेलें. तो हंसला आणि मग बराच वेळ पान पुढें गेलें नाहीं. मी दिवा लावण्याच्या निमित्तानें खालीं आलों.

रविवारीं प्रती झाल्या. एक त्यानें बंगळुरास नेली. एक पेनड्राइव्हवर सौभाग्यवतींच्या दागिन्यांच्या डब्यांत आहे. तिसरी कागदावर छापून घेतली आणि ती माडीवर ठेवली, माजघरांत नाहीं. नातवाची जागेची अडचण राहिलीच होती. पुतण्यानें पाहिलें तों निम्मी डी त्याच्या जुन्या, न खेळल्या जाणाऱ्या खेळांनीं भरलेली. तेवढे काढून टाकले म्हणजे झालें, असें ठरलें. मीं खुर्ची पुढें ओढली, तों नातू मध्यें येऊन उभा राहिला. ‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘तुम्ही नका. मी करतों.’